वल्हे कोणाच्या हाती?

आफ्रिकेतील नद्यांवर वाटाड्याला बरोबर घेऊन होडीतून वन्यप्राणी पाहण्याची सफर आता आपल्याकडील सुखवस्तू प्रवाशांनाही परिचित झाली आहे. झांबेझी नदीवर अशा होड्या निघतात त्या करिबा धरणाच्या खालच्या अंगाला. त्याच धरणासाठी 1950च्या दशकाच्या अखेरीस सुमारे 57,000 टोंगा लोकांना नदीकाठच्या शेतांवरून उठविण्यात आले. नदी पाहावयास येणाऱ्याची सोय झाली आणि नदीवर जगणारा नदीपासून तुटला. सफरीच्या माहितीपत्रकात हा इतिहास सहसा आढळत नाही.

हा प्रश्न ठाणे जिल्ह्याला परका नाही. ठाणे खाडीचा सुमारे 1,690 हेक्टरांचा पट्टा 2015 साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला. 2022 साली त्याला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जाही मिळाला. हिवाळा सुरू झाला की रोहितांचे थवे येथे उतरतात आणि त्यांना पाहण्यासाठी ऐरोली व भांडुप येथून नौकाफेऱ्या निघतात. या फेऱ्या निघू नयेत, असे कोणी म्हणणार नाही. लोकलच्या गर्दीत आयुष्य घालविणाऱ्या डोंबिवलीच्या कामगाराच्या मुलांना तासाभराच्या अंतरावर हे वैभव दिसावे, ही इष्टच गोष्ट आहे. प्रश्न एवढाच की, या सहलीची आखणी कोण करणार, तिकिटाचा पैसा कोठे जाणार आणि वल्हे कोणाच्या हाती राहणार?

खाडीतील सहल घड्याळावर चालत नाही, ती भरती-ओहोटीवर चालते. तिथीची पाऊणपट केली की थोड्याबहुत फरकाने पूर्ण भरतीची वेळ निघते, चतुर्थीला तीन आणि अष्टमीला सहा, हा हिशेब कोळीवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ आहे. उधाणाच्या आणि भांगाच्या भरतीत पाणी किती चढते, ओहोटीला चिखल कोठे उघडा पडतो, पक्षी चरावयास कोठे उतरतात आणि होडी किती दूर ठेवली म्हणजे ते उडत नाहीत, हे ज्ञान विकत आणावे लागत नाही. ते चेंदणी आणि विटाव्याच्या कोळ्यांजवळ आहे. त्यांना डावलून एखाद्या ठेकेदाराला फेऱ्या देणे म्हणजे घरच्या जाणत्याला दाराबाहेर उभे करून पाहुण्याकडून घराची माहिती घेण्यासारखे आहे.

सुरक्षिततेसाठी व्यावसायिक ठेकेदारच हवा, असा एक युक्तिवाद केला जातो. परंतु 18 जानेवारी 2024 रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेली शाळकरी मुले व शिक्षिका बुडून मेल्या, तेथील नौकाविहार महापालिकेने ठेक्यानेच दिला होता. होडीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि सर्वांना जीवरक्षक जाकिटे नव्हती. प्रत्येक जादा उतारू हा ज्याच्या लेखी केवळ नफा असतो, त्याच्या हाती सुरक्षितता सोपविता येत नाही.

दुसरा मार्ग आहे आणि तो महाराष्ट्रातच चालून दाखविला गेला आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 2017 पासून एका बचत गटाच्या स्त्रिया स्वतः वल्ही मारीत प्रवाशांना कांदळवन दाखवितात. बोट्सवानातील ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशातही लांब काठीने होडी ढकलणारे गावकरीच वाटाडे असतात आणि कित्येक ठिकाणी हा व्यवहार गावाच्या विश्वस्त संस्थेमार्फत चालतो. मात्र केवळ संस्था काढल्याने न्याय होतो, असेही नाही. झिंबाब्वेत 1980च्या दशकाच्या अखेरीस वन्यजीवांचे उत्पन्न गावांना मिळावे म्हणून योजना सुरू झाली, तेव्हा पैशाचा बराच भाग जिल्हा परिषदांतच अडकला. आपल्या सहकारी चळवळीला हा अनुभव नवा नाही. म्हणून होड्यांचे परवाने प्रथम कोळ्यांच्या सहकारी संस्थांना मिळावेत आणि जमाखर्च दर हंगामाअखेर कोळीवाड्याच्या उघड्या सभेत वाचला जावा, या दोन्ही मागण्या एकत्रच केल्या पाहिजेत. अभयारण्याच्या नावाखाली परंपरागत मासेमारीवर गदा येणार नाही, याची लेखी हमी ही तिसरी मागणी.

शेवटचा प्रश्न पाण्याचा. लहान रोहिताचे मुख्य खाद्य नीलहरित शेवाळ. शहरांच्या सांडपाण्यामुळे ते खाडीत फोफावले, असे अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे प्रवाशाला मोहविणारा गुलाबी रंग काही अंशी खाडीच्या दुखण्याचाही रंग आहे. त्याच घाणीने कोळ्याच्या जाळ्यातील मासळी आटविली. तिकडे उल्हास नदीची कहाणी वेगळी नाही. ज्या कल्याणच्या खाडीत शिवाजी महाराजांनी आरमाराच्या बांधणीस आरंभ केला, तेथेच आज अंबरनाथ-उल्हासनगरचे मैले पाणी वालधुनीतून येऊन मिळते. दुर्गाडीच्या पायथ्याशी किंवा डोंबिवलीच्या मोठागावात उद्या नौकाविहार सुरू करावयाचा, तर आधी नाल्यांचे पाणी शुद्ध करूनच नदीत सोडावे लागेल.

कार्यकर्त्यांपुढील काम त्यामुळे स्पष्ट आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वी कोळीवाड्यांत बैठका घ्याव्यात, सहकारी संस्थांच्या नोंदणीची कागदपत्रे पुरी करून द्यावीत आणि सांडपाणी प्रकल्पांचा हिशेब महापालिकांकडे मागावा. एकदा ठेका निघाला की तो रद्द करविण्यात वर्षे जातात. म्हणून निविदेच्या जाहिरातीआधी कोळ्यांचा अर्ज कचेरीत दाखल झाला पाहिजे.