उजेडाचीबी घाण असते

घाण म्हटलं की आपल्याला कारखान्याची मळी दिसते, ओढ्यातलं प्लास्टिक दिसतं. पण आपल्या डांगाणात रोहिण्या लागल्या की शनिवार-रविवारी जी घाण येते, ती गाडीच्या दिव्यातून येते. भंडारदऱ्यापासून रतनवाडी, साम्रद, घाटघरपर्यंत काजवे बघायला गाड्यांची रांग लागते.

काजवा काही शोभेसाठी चमकत नाही. नर-मादी एकमेकांना त्या उजेडाच्या खुणेनंच शोधतात. मोठा झालेला काजवा जगतो जेमतेम दोन-तीन आठवडे. तेवढ्यात जोडी जमली तर अंडी, नाहीतर पुढं त्या झाडावर अंधारच. हेडलाइट, बॅटऱ्या, तंबूवरच्या लाइटच्या माळा, या झगमगाटात ती खूण दिसायची कशी? काही जातींच्या माद्यांना तर उडताबी येत नाही, त्या गवतातच असतात. अळ्या ओल्या मातीत, पाचोळ्यात गोगलगाई खाऊन वाढतात. नेमक्या तिथंच गाड्या लावायच्या, तिथंच तुडवत फिरायचं. ही माणसं बघायला येतात की संपवायला?

कुणी म्हणेल, पाव्हणे आले तर पोरांना चार पैसे मिळतात. मिळतात, खोटं कशाला बोला. चहा-भाकरी, तंबू, वाट दाखवणं यावर कित्येक घरांचा बियाण्याचा खर्च निघतो. पण काजवेच सरले तर पाव्हणा येईल कशाला?

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली झालं. तेव्हापासून हिरडा वेचायला, सरपणाला गेलं तरी जाब आपल्याला. रात्रीच्या गाडीनं पावती फाडली की वाट मोकळी! हा कुठला न्याय?

वनहक्क कायदा २००६ अभयारण्यालाही लागू आहे. त्याच्या कलम ५ प्रमाणं सामूहिक वनात कुणी कसं यायचं हे ग्रामसभा ठरवू शकते, आणि वन्यप्राणी, जंगल, जैवविविधता यांना बाधा आणणारं काम थांबवू शकते. कायद्यातलं हे कलम आपण फार कमी वापरलंय. दावे भरण्यातच आपला जीव गेला, ते खरं.

म्हणून रोहिण्या लागायच्या आधी ग्रामसभा बोलवा. अंधार पडला की गाड्या वेशीवरच थांबतील, पुढं पायी, गावच्या पोरांबरोबर, बॅटरी न लावता, असा ठराव घ्या. मग आपल्या अंगणातला हॅलोजनही तेवढे दिवस बंद ठेवावा लागेल, हे आधीच सांगून ठेवतो. ठरावाची एक प्रत वनखात्याला, एक तहसीलदाराला द्या, आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.