छपरावर खरे कापड नको!

मित्रांनो, रेल्वेच्या डब्याचे छप्पर कसे असते, असे कोणी एकदम विचारले तर तुम्ही काय सांगाल? फलाटावरून आपल्याला दारे-खिडक्या दिसतात, चाके दिसतात. छप्पर दिसत नाही. टेबलावर मांडलेल्या छोट्या आगगाडीचे मात्र नेमके उलटे असते. तिच्याकडे आपण वरून पाहतो, त्यामुळे पहिली नजर जाते ती छपरावर. ते गुळगुळीत आणि चकचकीत असले की बाकीचे काम कितीही हुबेहूब असो, हे खेळणे आहे हे तत्काळ कळते.

म्हणूनच इंग्लंड-अमेरिकेतील रेल्वेच्या प्रतिकृती करणारी हौशी मंडळी छपरासाठी फार खटपट करतात. तेथील जुन्या लाकडी प्रवासी डब्यांचे उदाहरण घ्या. त्यांच्या छपराच्या फळ्यांवर कॅनव्हासचे जाड कापड ताणून बसवीत आणि पाणी झिरपू नये म्हणून त्यावर रंगाचे थर देत. इंग्लंडमध्ये हा रंग पुष्कळदा शिशापासून केलेला सफेदा असे. कारखान्यातून पांढरेशुभ्र निघालेले छप्पर इंजिनाच्या काजळीने लवकरच करडे होई. शिवाय हायड्रोजन सल्फाइडसारख्या वायूशी संबंध आला की शिशाचे काळे सल्फाइड तयार होते आणि सफेदा स्वतःच काळवंडतो.

आता हे छप्पर छोट्या डब्यावर दाखवायचे कसे? मूळ छपरावर कापड होते, तेव्हा आपणही कापडच चिकटवावे, असे सहज वाटते. माझ्या मते ही चूक आहे आणि ती साध्या गुणाकाराने उघडकीस येते.

'एच ओ' या लोकप्रिय मापात प्रतिकृती मूळ वस्तूच्या ८७ पट लहान असते. ६० फुटी डबा त्यात अवघा २१ सेंटिमीटरांचा होतो. त्यावर अर्धा मिलिमीटर जाडीच्या धाग्याचे कापड लावले, तर त्या मापाने प्रत्येक धागा ४३ मिलिमीटरांहून जाड ठरेल. म्हणजे छपरावर कापड नव्हे, तर मनगटाएवढे दोर विणून घातल्यासारखे दिसेल! वस्तू खरी, पण दृश्य खोटे.

दुसरा हिशेब डोळ्याचा. प्रतिकृती ३० सेंटिमीटरांवरून पाहणे म्हणजे मूळ डबा सुमारे २६ मीटरांवरून पाहणे. निरोगी डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाइतका कोन जेमतेम ओळखता येतो. त्यामुळे २६ मीटरांवरून सात-आठ मिलिमीटरांहून बारीक बारकावे वेगळे दिसतच नाहीत. धागे दिसणार नाहीत. दिसतील त्या कापडाच्या जोडरेषा, किंचित सुरकुत्या, काजळीचे डाग आणि पावसाचे ओघळ. तेवढेच दाखवावे.

त्यासाठी पातळ टिश्यू कागद पुरतो. त्याची जाडी सुमारे ०.०३ मिलिमीटर, ८७ पटीने ती अडीच मिलिमीटरांच्या आसपास भरते, म्हणजे कॅनव्हासच्या बरीच जवळ. पाणी घालून पातळ केलेल्या डिंकाने तो चिकटवला की वाळताना बारीक सुरकुत्या आपोआप पडतात. वर करडा रंग द्यावा, त्यात चिमूटभर टाल्कम पावडर मिसळावी. पृष्ठभाग खरखरीत झाला की प्रकाश सर्व दिशांना विखुरतो आणि चकाकी जाते. शेवटी खडूची काळसर पूड कोरड्या कुंचल्याने हलकेच फिरवावी. शिशाचा सफेदा मात्र विषारी असतो, तो आपण वापरू नये.

तुम्ही म्हणाल, "थोडे वाढवून दाखवल्याशिवाय पाहणाऱ्याच्या लक्षात कसे येणार?" हे काही वेळा खरे आहे. उठावाच्या नकाशात डोंगरांची उंची मुद्दाम वाढवतात. पण मग तसे नकाशाखाली लिहिणे हा प्रामाणिकपणा झाला. न सांगता वाढवलेली गोष्ट पाहणाऱ्याला फसवते.

शिक्षकबंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. विज्ञान प्रदर्शनातील प्रतिकृती तपासताना चकाकीला आणि खर्चाला गुण देऊ नका. "हे माप कोठून आणलेस? काय वगळलेस आणि का?" असे विचारा. ज्याला उत्तर देता येईल त्याची पुठ्ठ्याची गाडीही श्रेष्ठ समजावी. काय वगळावे हे कळण्यासाठी आधी निरीक्षण आणि मोजमाप करावे लागते. प्रतिकृतीतले विज्ञान तेच.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी स्टेशनावरच्या पादचारी पुलावरून खाली उभ्या असलेल्या गाडीची छपरे पाहा आणि वहीत नोंदी करा. पुलावरून मात्र हात किंवा काठी बाहेर काढू नका. विजेच्या तारेत २५,००० व्होल्टचा दाब असतो. घरी आल्यावर स्वतःला विचारा : यांपैकी २६ मीटरांवरून, म्हणजे एका डब्याच्या लांबीहून थोड्या अधिक अंतरावरून, काय काय दिसले असते? जे उरेल, तेवढेच तुमच्या छपरावर रंगवा.