रुग्ण हा याचक नव्हे

सरकारी दवाखान्याची पायरी चढताना आपला माणूस आजही हात जोडतो आणि मिळेल ते औषध उपकार मानून घेतो. याचकाच्या वृत्तीने कोणतीही सेवा सुधारत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले. त्याअंतर्गत २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे व ठाणे या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावच्या समितीने रुग्णांना विचारून आरोग्यसेवेचे प्रगतिपत्रक भरावयाचे. चांगल्या सेवेस हिरवा, मध्यम सेवेस पिवळा, वाईट सेवेस लाल रंग द्यावयाचा. पुढे जनसुनवाईत अधिकाऱ्यांनी सर्वांसमक्ष उत्तर द्यावयाचे. बाहेरून औषधे आणावयास लावणे, बेकायदा पैसे घेणे असे प्रकार अनेक ठिकाणी यामुळेच कमी झाले.

त्या पाचांत सिंधुदुर्ग नव्हता. तथापि रुग्ण कल्याण समितीची तरतूद आपल्या खारेपाटणच्या प्राथमिक आरोग्य केंद्रासही लागू आहे. या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनी वाडीतील वृद्धांसोबत केंद्रात जावे. काय मिळाले, काय नाही, ते तारखेसह लिहून समितीपुढे ठेवावे. तोंडी गाऱ्हाणे विरून जाते. लेखी नोंदीस उत्तर द्यावे लागते.