चपला सांभाळणारा फौजी



सध्या मुक्काम चरोद्याला आहे. रायपूरहून दुर्गकडे निघालात की भिलाईच्या अलीकडे हे गाव लागतं. इथे रेल्वेचं भलंमोठं मार्शलिंग यार्ड आहे. रात्रभर मालगाडीचे डबे जोडल्या-तोडल्याचे आवाज येत असतात, आणि आता त्या आवाजाशिवाय झोप लागत नाही. काम एनसीसीच्या पोरांना शिकवायचं. पीस पोस्टिंग असल्यामुळे कुटुंब सोबत आहे.

चरोद्याला लागूनच देवबलोदा आहे. तिथे कलचुरी काळातलं महादेवाचं दगडी मंदिर आणि शेजारी कुंड. मंदिराला शिखर नाही. काम अर्धवट टाकून कारागिराने वरून कुंडात उडी घेतली, असं इथले लोक सांगतात. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते. यंदा आम्हीही गेलो. दर्शन झालं, लेकीला बांगड्या झाल्या, आणि मग तिचं बोट आकाशपाळण्याकडे गेलं.

मी नेहमीचं वाक्य बोललो. "तुम्ही दोघी बसा. मी खाली थांबतो, चपला सांभाळतो." वरून चपला निसटतात म्हणून लोक त्या खालीच काढून ठेवतात, त्यामुळे माझं कारण खपून जातं. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता लेकीला घेऊन गेली. तिला ठाऊक आहे. सतरा वर्षं नोकरी झाली, पण मला उंचीची भीती वाटते हे घरात फक्त तिला माहीत आहे आणि पलटणीत कोणालाच नाही.

आमच्या पुढे रांगेत बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याला बसायचं नव्हतं. सोबतचे काका त्याला ढकलत होते. "मर्द बन, मर्द! लडकियाँ बैठ रही हैं!" आजूबाजूचे हसत होते. पोराने पाळण्याची दांडी धरून ठेवली होती, ती सोडवून त्याला आत बसवलं. पाळणा माणसं भरायला वर थांबला तसा त्याच्या रडण्याचा आवाज खाली आला. उतरल्यावर तो बाजूला जाऊन ओकला. काकांनी माझे बारीक कापलेले केस पाहिले आणि म्हणाले, "फौजी साहब, आप ही समझाइए इसको, डर क्या होता है!"

माझ्या दोन्ही हातांत चपला होत्या. मी कसनुसा हसलो आणि गप्प राहिलो. त्या वेळी जे बोलायला हवं होतं, ते आज इथे लिहितोय.

उंचीची भीती म्हणजे भित्रेपणा, हा पहिला गैरसमज. ही भीती माणूस बरोबर घेऊनच वाढतो. १९६० साली अमेरिकेत एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक या दोघांनी एक प्रयोग केला. मजबूत काचेचं टेबल, अर्ध्या भागात काचेला लागून चौकड्यांचं कापड, उरलेल्या अर्ध्यात तेच कापड खाली जमिनीवर. म्हणजे दिसायला एकीकडे उथळ, एकीकडे खोल. मधल्या फळीवर सहा ते चौदा महिन्यांची ३६ बाळं एकेक करून ठेवली आणि आयांनी दोन्ही बाजूंनी हाका मारल्या. २७ बाळं फळीवरून हलली आणि ती सगळी उथळ बाजूला गेली. खोल बाजूच्या काचेवर जायला फक्त तीन धजली. रांगणाऱ्या बाळाला 'मर्द बन' म्हणून कोण सांगणार?

दुसरी गोष्ट शरीराची. आपण सरळ उभे असतो तेव्हाही थोडेसे डुलत असतो, आणि जवळच्या स्थिर वस्तू पाहून डोळे तो तोल सावरत असतात. उंचावर गेलं की जवळचं काहीच उरत नाही, सगळं दूर जातं. डोळ्यांना आधार मिळत नाही, डुलणं वाढतं आणि पोटात गोळा येतो. ज्याला हे जास्त जाणवतं त्याचे पाय कापतात. त्याच्या धैर्याचा इथे संबंध नसतो.

हे मला पुस्तकाच्या आधी एका उस्तादांनी शिकवलं. बेळगावला रंगरूट होतो तेव्हा रस्सा चढायची परीक्षा आली. पहिल्या दिवशी निम्म्यावर गेलो, खाली पाहिलं आणि गोठलो. हात सुटेना, पाय हलेना. खालून एक जण शिव्या घालत होता, आणि शिव्या वाढल्या तशी माझी पकड आणखी घट्ट होत गेली. दुसऱ्या उस्तादांनी त्याला बाजूला केलं आणि शांतपणे म्हणाले, "वर बघू नको, खाली बघू नको. आपला हात बघ." मी हात पाहिला. एकेक हात खाली सोडत उतरलो. पुढचे आठ दिवस त्यांनी मला संध्याकाळी एकट्याला नेलं. पहिल्या दिवशी छातीएवढं चढून उतरायचं, दहा वेळा. दुसऱ्या दिवशी हातभर वर. नवव्या दिवशी मी टोकाला हात लावला. उस्ताद 'शाबाश'सुद्धा म्हणाले नाहीत, 'चल, चहा घे' म्हणाले. त्यांनी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही, आणि मीही नाही. पण मला वाटतं, न सांगण्यात माझी चूक झाली.

कारण बाहेरच्या लोकांना वाटतं की फौजेत भीती ढकलून काढतात. सर्वांत मोठ्या उंचीचं काम पॅराट्रूपरचं. ११ डिसेंबर १९७१ ला टांगाइलवर विमानांतून उतरलेली २ पॅरा ही मुळात मराठा पलटण, म्हणून आपल्याकडे तिचं नाव अभिमानाने घेतलं जातं. पण ती उडी शिकवतात कशी? माझा बॅचमेट आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलला जाऊन आला, त्याच्याकडून ऐकलंय. आधी जमिनीवर नुसतं पडायला शिकायचं. मग विमानाच्या खोट्या सांगाड्यातून उतरायचं. मग उंचावरून दोराला अडकवून. शेकडो वेळा तेच तेच झाल्यावर खरं विमान. पाच उड्या झाल्या, त्यांतली एक रात्रीची, की छातीवर पंख लागतात. आणि तिथे जाणारा प्रत्येक जण स्वतः नाव देऊन गेलेला असतो. आता हे आणि त्या पोराची दांडीवरची बोटं सोडवणं, यात काही साम्य दिसतं का?

ज्या रिचर्ड वॉकचं नाव वर आलं, त्यानेच त्याआधी, १९५६ साली, अमेरिकी पॅराट्रूपर शिकाऊंचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. मनोऱ्यावरून उडी मारणाऱ्या जवानाला कागदावर काढलेला तापमापक द्यायचा आणि 'आत्ता किती भीती वाटते, तिथे खूण कर' म्हणायचं. उड्या होत गेल्या तशी ज्यांना जमलं त्यांची खूण खाली येत गेली. पुढे १९६० च्या दशकात एप्स्टाइन आणि फेन्झ यांनी पॅराशूटवाल्यांचे ठोके आणि श्वास मोजले. नवख्याची भीती उडीच्या क्षणापर्यंत चढतच जाते. मुरलेल्यालाही भीती वाटते, पण ती आधी येते आणि दारात उभा राहीपर्यंत उतरायला लागलेली असते. म्हणजे जुन्या माणसाची भीती संपत नाही, तिची वेळ बदलते. माजी सैनिक बांधवांनो, आपण पोरांना 'मला कधी भीती वाटली नाही' असं जे सांगतो ना, ते खरं नसतं, आणि ऐकणाऱ्या भित्र्या पोराला ते एकटं पाडतं.

काही जण म्हणतील, 'एकदा ढकललं की भीती मोडते. आम्हाला आजोबांनी असंच विहिरीत टाकून पोहायला शिकवलं.' खरं आहे, काहींना जमतं. पण ज्यांना जमलं तेच ही गोष्ट अभिमानाने सांगतात. जे त्या दिवसानंतर विहिरीच्या काठावरही गेले नाहीत, ते गप्प असतात. ढकलल्यावर माणूस दोन गोष्टी शिकतो. एक, उंची भयानक आहे. दुसरी, आपली माणसं भरवशाची नाहीत. दुसरी जास्त वाईट.

मग करायचं काय? मला जे उपयोगी पडलं ते सांगतो.

आधी कशाची भीती आहे ते ओळखा. उंचीची आणि वेगाची भीती वेगवेगळी. खोपोलीजवळच्या इमॅजिकातला नायट्रो ४० मीटर उंच, पायाखाली फळीसुद्धा नाही. पण तो सुसाट जातो आणि थोड्या वेळात संपतो. विचार करायला सवड मिळत नाही. उंचीला भिणाऱ्याला खरा त्रास आकाशपाळण्याचा, कारण तो सावकाश फिरतो आणि माणसं भरायला वर थांबतो. छत्तीसगढच्या मडईतली लाकडी रहचुली त्या मानाने बरी, ती ठेंगणी असते. सुरुवात तिथूनच करा, किंवा लहान मुलांच्या पाळण्यापासून. काही फेऱ्या नुसत्या खालून पाहा. गर्दी कमी असताना बसा, म्हणजे वर थांबणं कमी होतं.

बसल्यावर पाठ टेकवा, समोरची दांडी धरा आणि तीच पाहा, किंवा पाळण्याचा मधला आस पाहा. उस्तादांचं 'आपला हात बघ' म्हणजे हेच. डोळ्यांना जवळचं काहीतरी स्थिर द्या. फायरिंगला आपण श्वास सोडून मग ट्रिगर दाबतो, तसा इथेही श्वास बाहेर सोडताना जास्त वेळ घ्या. शेजारच्याला आकडा सांगा, 'दहापैकी आठ आहे', 'आता सात'. आकडा बोलला की भीती आपल्यापासून वीतभर लांब जाते. वेगाच्या राइडवर डोके मागे टेकवून डोळे उघडे ठेवा, म्हणजे पुढचं वळण शरीराला आधी कळतं. भीती शिगेला असतानाच उतरू नका, जमलं तर ती थोडी उतरेपर्यंत थांबा. आणि शेजारी बसलेल्याने पाळणा हलवायचा नाही. ही मस्करी नव्हे.

ज्यांना मान, मणका किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी वेगाच्या राइडच्या वाटेला जाऊच नये. आपल्यात मणक्याचे रुग्ण पुष्कळ आहेत. आणि ज्याला जिना किंवा पूलसुद्धा चढवत नाही, त्याने मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. तिथेही उपचार हाच असतो, पायरी पायरीने.

एक भीती मात्र घालवायची नाही, ती यंत्राची. १४ जुलै २०१९ ला अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळची झोक्याची राइड तुटून माणसं दगावली. उडीआधी आपण एकमेकांचं किट तपासतो, तसं इथेही तपासा. पाळणा सपाट जमिनीवर आहे का, बसल्यावर दांडीची खिटी लागते का, चालवणारा शुद्धीत आहे का. शंका आली तर उतरा आणि पोरांनाही उतरवा. 'नाही' म्हणायचा हक्क प्रत्येकाला हवा, तो असला तरच त्याचं 'हो' खरं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाळणा अजून उभा होता. मी लेकीला म्हटलं, "बाळा, काल मी खोटं बोललो. मला उंचीची भीती वाटते." ती थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, मग तुम्ही फौजेत कसे?" म्हटलं, "तसाच. घाबरत घाबरत." तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "चला, मी आहे."

वर थांबलो तेव्हा माझा आकडा नऊ होता. मी दांडीकडे पाहत होतो, ती दर फेरीला विचारत होती, "आता किती?" शेवटच्या फेरीला मी मान वर केली. यार्डातले मालगाडीचे डबे काड्यापेट्यांएवढे दिसत होते आणि लांब भिलाईच्या कारखान्याचा धूर. आकडा सहा. तेवढाच. खाली उतरल्यावर पाय कापतच होते.

खाली आमच्या चपला बायको सांभाळत होती. त्या मुलाला मी गर्दीत शोधलं, तो दिसला नाही. दिसला असता तर सांगितलं असतं की, पोरा, मलाही वाटते.

जय हिंद.