एकच भोंगा सगळ्यांना?

सोलापुरात १८७७ साली जुनी गिरणी उभी राहिली. पाळीची वेळ ठरलेली, म्हणून गिरणीला सगळ्यांसाठी एक भोंगा पुरायचा. प्रोजेक्टचं तसं नसतं. ट्रेलोमध्ये तारखेच्या १ किंवा २ दिवस आधी रिमाइंडर लावता येतो, पण कामाला किती दिवस लागतात हे कोण बघणार? नवी पेठेतून केबल आणायला एक संध्याकाळ पुरते, पीसीबी करून घ्यायला आठवडा जातो. दोन्हीला एकच घंटा कशी चालेल?

आमचा ग्रुप टूल बनवतोय. माझं मत सरळ आहे : काम टाकतानाच 'किती दिवस लागतील?' विचारा, तेवढे दिवस आधी वाजवा, आणि ज्याचं काम त्यालाच! बाकी तिघांची झोप कशाला मोडायची? शिवाय दिवसातून एकदाच. दर तासाला कोकललं की पोरं नोटिफिकेशनच बंद करतात, मग सबमिशनच्या आदल्या रात्री बसा शोधत, पीसीबी कुठाय.