दुखणे टाकीत, औषध पंपाला!

धानाचा हंगाम लागला की आपल्या भंडारा जिल्ह्यात जुन्या ट्रकला पुन्हा भाव येतो. तुमसर असो, साकोली असो की लाखांदूर, आधारभूत केंद्रावरून राईस मिलकडे कट्टे वाहायला जुनी टाटा नाहीतर लेलँड उभी दिसते. या गाड्यांचे एक दुखणे मात्र मालकाला रडकुंडीला आणते. गाडी चांगली चालते आणि मधेच बंद पडते. दहा मिनिटे उभी ठेवली की पुन्हा सुरू होते. गॅरेजमध्ये नेली तर दिवसभर रेस करा, बंद म्हणून पडत नाही!

मग काय होते, ते तुम्हाला ठाऊकच आहे. मिस्त्री म्हणतो, पंप गेला. पंप उतरतो, नोझल उतरतात, कॅलिब्रेशन होते, हजारोंचे बिल होते. चार दिवसांनी गाडी त्याच रस्त्यावर तशीच उभी! आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरे काय?

यात एकट्या मिस्त्रीला दोष देऊन भागणार नाही. दोष त्याच्या डोळ्यांसमोर दिसत नाही आणि मालक तर म्हणतो, "काही करा, पण आज गाडी द्या." त्याने करावे तरी काय? म्हणून आमचे म्हणणे असे की, या दुखण्याचे निदान गॅरेजमध्ये नव्हे, रस्त्यावर सुरू होते आणि ते ड्रायव्हरने व मालकाने करायचे असते. पाना त्यानंतर.

त्यासाठी केबिनमध्ये एक वही ठेवा. गाडी बंद पडली की चार गोष्टी लिहा: किती वेळ चालल्यावर पडली, भरलेली होती की रिकामी, टाकीत डिझेल किती होते आणि ओढ कमी होत होत पडली की चावी काढल्यासारखी एकदम. पाच-सहा नोंदी झाल्या की दुखणे स्वतःच बोलू लागते.

जुन्या डिझेल इंजिनला चालू राहायला ठिणगी लागत नाही. डिझेल, हवा आणि दाब मिळाला की ते चालते. म्हणून चालती गाडी बंद पडते या तक्रारीवर बॅटरी बदलण्यात अर्थ नाही. गाडी एकदम बंद पडत असेल, तर इंजिन बंद करण्याची केबल अडकते का ते पाहा. केबलऐवजी विजेवर चालणारा सोलेनॉइड असेल, तर त्याची वायर, फ्यूज आणि अर्थिंग हलवून पाहा. खड्ड्यात सुटणारी एक वायर पंपावर नाहक आळ आणते.

ओढ कमी होत होत गाडी बंद पडत असेल, तर डिझेल पुरत नाही असे समजा. मग डिझेल ज्या वाटेने येते त्याच वाटेने तपासत चला: टाकी, सक्शन पाईप, फीड पंप, फिल्टर आणि सर्वांत शेवटी मोठा पंप. आपल्याकडे नेमकी उलटी वरात निघते.

टाकीच्या झाकणाला हवा आत जायला बारीक वाट असते. ती मातीने बुजली की डिझेल कमी होईल तसा टाकीत निर्वात होतो आणि डिझेल येईनासे होते. गाडी बंद पडताच झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला आणि गाडी सुरू झाली, तर रोग सापडला. झाकण साफ करण्याला खर्च तो काय?

दुसरी जागा टाकीतल्या पाईपच्या जाळीची. तळाचा गाळ, चिंधी, कचरा ओढला जाऊन जाळीला चिकटतो आणि डिझेल अडते. इंजिन थांबले की ओढ थांबते, कचरा सुटून खाली बसतो आणि गाडी पुन्हा सुरू होते. "थंड झाली की चालते" असे ड्रायव्हर म्हणतो, त्यात अनेकदा हीच मेख असते.

तिसरी जागा टाकी ते फीड पंप या टप्प्यातली. इथे डिझेल ओढले जाते. त्यामुळे होज चिरला किंवा वॉशर दबला तर डिझेल बाहेर गळेलच असे नाही, पण हवा आत शिरते. वरून कोरडे ठणठणीत, आतून गाडीने एअर धरलेली! या टप्प्यात पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा जोडून पाहा. बुडबुडे दिसले की समजा.

एवढ्यानेही कळले नाही तर डब्याची परीक्षा करा. गाडी उभी ठेवून टाकीच्या डिझेलवर रेस करा आणि किती वेळात बंद पडते ते घड्याळात पाहा. मग स्वच्छ डब्यात गाळलेले डिझेल घेऊन नवा होज थेट फीड पंपाला जोडा आणि तितकाच वेळ चालवा. टाकीवर बंद पडते आणि डब्यावर पडत नाही, म्हणजे दोष टाकीच्या बाजूला. डबा सायलेन्सरपासून दूर ठेवा आणि असा डबा लावून गाडी रस्त्यावर काढू नका.

पंप कधीच बिघडत नाही असे आम्ही म्हणत नाही. बाकी सारे नीट असूनही इंजिन तापल्यावरच गाडी बंद पडत असेल, तर पंप जरूर टेस्ट बेंचवर न्या. मात्र ही सारी गोष्ट जुन्या पद्धतीच्या पंपाची आहे. कॉमन रेलच्या गाडीत दाब हजार बारच्या वर जातो. तिथे चालू इंजिनचा पाईप सैल करणे म्हणजे जिवाशी खेळ. अशा गाडीला स्कॅनर लावूनच दोष शोधावा.

पैशापेक्षा मोठी गोष्ट जिवाची. इंजिन बंद पडताच पॉवर स्टिअरिंग जड होते. एअर ब्रेकच्या टाकीत उरलेली हवा मोजक्याच वेळा कामी येते. वैनगंगेच्या कारधा पुलावर किंवा रेल्वे फाटकात भरलेली गाडी अशी थांबली तर? रात्री महामार्गावर दिव्याविना उभा ट्रक मागून येणाऱ्याचा काळ ठरतो. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतो, पण मधूनच पडणारी गाडी नेमकी त्या दिवशी शहाण्यासारखी चालते! आणि मालाचे काय? २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. १०० क्विंटलची एक खेप म्हणजे २ लाख ३६ हजार ९०० रुपये. अवकाळी पावसात ते रस्त्यावर उभे राहतात.

सरपंच, सचिव आणि सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनाही दोन शब्द. पंचायतीच्या टँकरला आणि धान वाहणाऱ्या प्रत्येक गाडीला ही वही सक्तीची करा. दुरुस्तीच्या बिलावर 'काय बदलले' एवढेच नको, 'का बदलले' तेही लिहून घ्या आणि जुना भाग परत मागा. डिझेलचे पिंप ठेवत असाल तर तळाचे डिझेल काढू नका, तिथे पाणी बसते. हिवाळ्यात टाकी संध्याकाळी भरून ठेवा. अर्ध्या टाकीत रात्रीच्या गारव्याने पाणी सुटते. आयटीआयमध्ये 'मेकॅनिक डिझेल' शिकणारी पोरे आहेत. हंगामापूर्वी एक दिवस त्यांना बाजार समितीच्या आवारात बोलावून सर्व गाड्यांच्या टाक्या आणि फिल्टर तपासून घ्यायला काय हरकत आहे?

बांधीत धान पिवळे पडले तर आपण आधी पाणी पाहतो, मूळ पाहतो, मगच औषधाच्या दुकानात जातो. गाडीलाही तोच न्याय लावा. पंप खोलायचा की नाही ते मग ठरवा. आधी टाकीचे झाकण उघडा.