पीस काढून ठेवता येतं, आडनाव नाही



मागच्या रविवारी खडकीतल्या आमच्या घरी आम्ही सात-आठ जणी 'ग्रे आउल' हा इंग्रजी चित्रपट बघायला बसलो. 'गांधी' काढणाऱ्या रिचर्ड ॲटनबरो यांचा हा १९९९ सालचा चित्रपट. ते लहान असताना त्यांनी आणि त्यांचे भाऊ डेव्हिड यांनी खऱ्या ग्रे आउलचं भाषण ऐकलं होतं.

गोष्ट खरी आहे. कॅनडाच्या जंगलात फास लावून प्राणी धरणारा, कातडी विकून पोट भरणारा एक माणूस. बीव्हर म्हणजे ओढ्यावर लाकडांचा बांध घालून राहणारा केसाळ जीव. तो याच्या सापळ्यात सापडायचा. १९२८च्या सुमारास एक मादी मेली आणि तिची दोन पिल्लं मागे राहिली. अनाहारिओ या त्याच्या बायकोने त्याला अडवलं. "ही मारायची नाहीत" म्हणाली आणि पिल्लं झोपडीत आणली. त्या पिल्लांनी त्याचं मन बदललं. पुढे त्याने शिकार सोडली, पुस्तकं लिहिली, इंग्लंडात भाषणं दिली, राजासमोरही बोलला. लोक त्याला रेड इंडियन समजत होते. १३ एप्रिल १९३८ला तो वारला आणि बातमी फुटली, की हा तर इंग्लंडातल्या हेस्टिंग्जचा गोरा, आत्यांनी वाढवलेला आर्ची बेलानी!

चित्रपट संपला. चहा झाला. एक काकू म्हणाल्या, "नाव खोटं असेना का, दया तर खरी होती." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गप्प बसले, कारण मला महिन्यापूर्वीची बैठक आठवत होती. त्या दिवशी बोलायचं राहिलं, ते आज लिहिते.

आपल्या मंडळाच्या पापडाच्या कामाला एक बाई येत होती. हात स्वच्छ, पापड चंद्रासारखा गोल. आपल्यात काम करते म्हणून तिने कांदा-लसूणही सोडला होता. मग कुठल्याशा कागदासाठी आधार कार्ड मागितलं आणि कळलं, तिने सांगितलेलं आडनाव तिचं नाही. ती पारध्यांची. दुसऱ्या दिवसापासून तिला यायला नको सांगितलं. का? "जातीचं काही नाही हो, खोटं बोलली म्हणून."

मैत्रिणींनो, आर्चीही खोटंच बोलला होता. आयुष्यभर!

असत्याला मी असत्यच म्हणते. सत्य हे आपलं अणुव्रत आहे. आर्चीचं तर जास्तच. १९१० साली लग्न केलेल्या एंजेल या बायकोला आणि लेकराला सोडून तो गेला, काडीमोड न घेता १९१७ साली इंग्लंडात दुसरं लग्न केलं. त्याचं खोटं त्याला मोठं करत होतं. सभागृहं भरत होती. ज्यांचं पीस त्याने डोक्यात खोवलं, त्या लोकांना मात्र तेवढं ऐकायला कुणी येत नव्हतं. मनात आलं असतं तर तो पीस काढून पुन्हा गोरा साहेब झाला असता.

आपल्या बाईला हे जमणार आहे का? इंग्रजांनी १८७१ पासून गुन्हेगार जमातींचे कायदे केले, त्यांचा शिक्का पुढे पारध्यांवरही बसला. तो कायदा १९५२ साली गेला, पण लोकांच्या मनातला शिक्का गेला नाही. तिने आडनाव लपवलं ते सन्मानासाठी नव्हे, पापड लाटायला मिळावेत म्हणून. खरं बोलली असती तर आपण तिला उंबऱ्याच्या आत घेतलं असतं? छातीवर हात ठेवून सांगा. जिथे खरं बोलण्याची शिक्षा उपाशी राहणं असते, तिथे खोट्याचं अर्धं पाप दार लावणाऱ्याचं.

कुणी म्हणेल, "ते लोक तितर-लावे धरणारे, जीवहिंसा करणारे." अहो, अकोला-वाशीमकडे फासेपारधी कुटुंबं आज गवताळ माळ आणि तणमोर पक्षी राखायच्या कामात आहेत. ज्याला फास कुठे लावायचा ते कळतं, त्यालाच पक्षी कुठे अंडी घालतो तेही कळतं. आणि आपण? दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरी असलेल्या घरात मुलगी देताना खडकीतलं कोण हिंसेचा हिशोब मांडतं?

महावीर भगवंतांच्या पूर्वभवांची कथा आपण दर जयंतीला ऐकतो. पुरुरवा भिल्ल मुनींवर बाण रोखून उभा होता. त्याचा हात त्याच्या बायकोने, कालिकेने, धरला. मग सागरसेन मुनींच्या उपदेशाने त्याने मद्य, मांस, मध सोडलं. तिथून तो जीव चढत चढत तीर्थंकर झाला. भिल्लाची बायको असो की कॅनडातली अनाहारिओ, बाण खाली ठेवायला लावणारी बाई जंगलातलीच होती. आपण जन्मानेच शाकाहारी, त्यात आपलं कर्तृत्व किती? जिने काही सोडलं, तिचा त्याग मोठा.

"शोधाचं काय?" असंही विचारतील. मुनींच्या आहाराच्या चौक्याचे नियम वेगळे, त्याबद्दल मी बोलत नाही. हे दुकानात विकायचे पापड आहेत. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात आठ मद सांगितले, त्यात कुळाचा आणि जातीचा मद आहे. दशलक्षणात उत्तम मार्दवाच्या दिवशी आपण त्यावरचं प्रवचन ऐकतो आणि घरी येऊन आधार कार्ड तपासतो.

येत्या बैठकीत मी मागणी करणार आहे, तिला परत बोलवा, आणि तिच्या खऱ्या आडनावाने बोलवा. बोलवायला मी स्वतः जाईन. आपण क्षमा मागू, तीही मागेल, म्हणजे हिशोब सरळ होईल. नाही म्हणालात, तर यंदा माझं लाटणं मंडळात येणार नाही. परक्या देशातल्या साहेबाला चहाच्या एका कपात माफी देता, तर दारातल्या बाईला निदान पाटावर बसवा.